शैलादीदी आणि ‘जानबूझकर’ हा शब्द

शैलादीदी,

परवा आमच्या कॉलेजात तुमची शोकसभा झाली. सव्वा महिन्यापूर्वी तुम्ही जिथं भाषण दिलंत, त्याच हॉलमध्ये. टेबलावर तुमचा फोटो होता, भाच्याच्या लग्नातला, चष्म्याविना. इतक्या वर्षांत मी तुम्हाला चष्म्याविना कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळे आत शिरताना क्षणभर वाटलं, आपण दुसऱ्याच कुणाच्या सभेला आलो आहोत.

साहेब आधी बोलले. ज्यांच्या हाताखाली आपण दोघांनी नोकरी केली आणि जे आता आमच्या व्यवस्थापन मंडळाचे अध्यक्ष आहेत, तेच. म्हणाले, “निर्भीक महिला थीं. उस दिन इसी मंच से उन्होंने जिस तरह जिम्मेदारी ली, वैसे अफसर अब कहाँ.” लोकांनी माना हलवल्या. मग माझं नाव पुकारलं. मी जागेवरूनच गळ्याला हात लावून घसा बसल्याची खूण केली. घसा बसला नव्हता.

तिथं बोलायला हवं होतं ते इथं लिहितो आहे. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, “अवी, प्रस्तावना काप.” कापतो.

मी तुमच्याकडे आलो तेव्हा नवीनच होतो. वकिली चालत नव्हती म्हणून छत्तीसगढ सरकारची नोकरी धरलेली. आपलं कार्यालय कोणतं, हे तुम्ही भाषणात एकदाही सांगितलं नाहीत, म्हणून मीही सांगत नाही. काम एवढंच की सरकारला जे हवं असेल त्याचा कायद्याच्या भाषेत मसुदा करायचा. आपल्याकडे पैशापाण्याचे कायदे यायचे: ठेवी, कर्जं, पतसंस्था, कंपन्यांची नोंदणी. पहिल्या दिवशी मी अगदी शुद्ध हिंदीत माझा परिचय दिला. तुम्ही फाइलमधून मान वर केलीत.

“कुठला तू?”

“भनपुरी का हूँ, मैडम. पापा रेलवे में थे.”

“आडनावावरून तं वर्धेकडचा दिसतं. मंग मराठी बोल ना. काहून हिंदी झाडून राहिला?”

त्या दिवसापासून फाइलवर हिंदी आणि आपल्यात मराठी. मॅडमची दीदी कधी झाली, ते आठवत नाही.

तुम्ही मला मसुदा शिकवलात तो एकाच प्रश्नानं. कलम लिहून आणलं की तुम्ही ते मला मोठ्यानं वाचायला लावायच्या आणि मग विचारायच्या, “आता सांग, याच्यात कोण कोण फसते?” मी म्हणायचो, चोर फसतो. “अन् चोराचा भाऊ? अन् चोराले घर भाड्यानं देणारा?” मी पुन्हा लिहायचो. एकेका वाक्यावर दोन-दोन दिवस गेलेत. मी मनातून वैतागायचो. आज वर्गात तेच करतो आणि पोरं माझ्यावर वैतागतात.

एकदा मी समितीकडे जुनी प्रत पाठवली, दुरुस्त्या नसलेली. केवढी फजिती झाली. तुम्ही दार लावून मला तासभर झापलंत. असं, की मी राजीनाम्याचा विचार करू लागलो. मग दार उघडून बाहेर गेलात आणि सगळ्यांसमोर म्हणालात, “प्रत माझ्या टेबलावरून गेली. चूक माझी.” मला तेव्हा वाटलं, याला म्हणतात वरिष्ठ. त्या सवयीची सावली माझ्यावर किती लांब पडणार आहे, हे तेव्हा कळलं नाही.

मग ते ठेवींचं विधेयक आलं.

गावोगाव कंपन्या उघडल्या होत्या, दामदुपटीचं सांगून लोकांचे पैसे घेत होत्या आणि एक दिवस शटर पाडून गायब होत होत्या. लोक रस्त्यावर आले होते. वरून हुकूम आला, कडक कायदा पाहिजे, याच अधिवेशनात पाहिजे. गुन्हेगार कोण, हे सांगणारं कलम तुम्ही मला लिहायला दिलंत. मी लिहिलं: संचालक, व्यवस्थापक, आणि कंपनीच्या वतीनं ठेव स्वीकारणारी प्रत्येक व्यक्ती. हे शेवटचं मी माझ्या मनानं घातलं नव्हतं. ठेवीदारांचे लोक आपल्याकडे आले होते तेव्हा तेच म्हणाले होते, आम्ही डायरेक्टर कधी पाहिला नाही, आमच्या दारात एजंट आला होता, त्याला धरा.

तुम्ही मला वाचायला लावलंत. मग विचारलंत, “एजंट म्हणजे कोण रे? गावातला शिलाईवाला, किराणावाला, मास्तर. त्यानं आपल्या सासूचेही पैसे त्याच कंपनीत टाकले आहेत. तोही फसला अन् तूही त्याले फसवून राहिला.” आणि तुम्ही पेन्सिलीनं एक शब्द घातलात. ‘जानबूझकर’. जाणूनबुजून ठेव स्वीकारणारी व्यक्ती. कंपनी पैसे बुडवणार आहे हे ज्याला माहीत होतं, तो. बाकीचे सुटले.

पुढच्या आठवड्यात तुमच्या आईचं नागपूरला ऑपरेशन ठरलं. तुम्ही चार दिवसांची रजा घेतलीत. तिसऱ्या दिवशी दुपारी साहेबांचा फोन आला. विधेयक चार वाजता छापायला जाणार होतं.

“यह ‘जानबूझकर’ हटाइए. यह रहेगा तो एक भी आदमी नहीं पकड़ाएगा. सब बोलेंगे, हमको मालूम नहीं था.”

त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, हे आजही मान्य करतो. शब्द ठेवून बाकीच्यांसाठी वेगळं पोटकलम करता आलं असतं. त्याला एक दिवस लागला असता. मी साहेबांना ते म्हणालो नाही.

आणि दीदी, जे मी तुम्हालासुद्धा कधी सांगितलं नाही ते हे. तुम्हाला फोन करायचं माझ्या मनात आलं होतं. नंबर काढला होता. केला नाही. तुम्ही आईजवळ आहात, त्रास कशाला, असं मी तुम्हाला नंतर सांगितलं. ते खरं नव्हतं. तुम्ही नाही म्हणाल हे मला माहीत होतं, आणि मग साहेबांना परत फोन करून ‘नाही’ सांगण्याची पाळी माझ्यावर आली असती. म्हणून फोन केला नाही. शब्द काढला, प्रत नीट तपासली, चारच्या आत पाठवली. साहेब म्हणाले, गुड. मला बरं वाटलं.

तुम्ही परत आलात, छापील प्रत उभ्यानंच वाचलीत.

“अवी, शब्द कुठी गेला?”

“साहेबांनी काढायला सांगितला.”

“अन् काढला कोणं?”

मी दारापर्यंत मागे सरकलो. तुम्ही खुर्चीत बसलात. समोर फाइल होती, त्यावर तुमची सही व्हायची बाकी होती. विरोधाचा शेरा लिहिता आला असता. अर्धा तास तुम्ही फाइलकडे पाहत बसलात, मी दारात उभा. आईच्या दवाखान्याची पिशवीसुद्धा अजून तुमच्या खांद्यावरच होती. मग तुम्ही सही केलीत आणि म्हणालात, “जा. पाठव.” तुम्ही थकला होतात की घाबरला होतात, की सगळी यंत्रणा एका शब्दासाठी थांबणार नाही हे तुम्हाला ठाऊक होतं, मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही.

विधेयक मंजूर झालं. त्यावर फारशी चर्चाही झाली नाही. मग धरपकड सुरू झाली. डायरेक्टर कुठल्या कुठे पळालेले. एजंट घरीच होते, गावातच होते, म्हणून ते सापडले.

मी नोकरी सोडून शिकवायला लागलो. तुम्ही निवृत्त होऊन तात्यापाऱ्यात भावाच्या घरी परत आलात. रविवारी मी यायचो. चहा व्हायचा, आणि तुम्ही पेपरातलं कात्रण पुढं सरकवायच्या.

“आज बागबाहऱ्याकडचा एक आहे. शाळेतला चपराशी.”

“दीदी, कोर्ट पाहील ना.”

“कोर्ट कायदा पाहते. कायदा कोणं लिहिला?”

“आपण लिहिला नाही, आपल्याकडून लिहून घेतला.”

“हे तू पोट्ट्यांना शिकवते का वर्गात?”

असं किती रविवार चाललं. तुमचं म्हणणं, ज्यानं लिहिलं त्यानं जाऊन सांगितलं पाहिजे की इथं चुकलं. माझं म्हणणं, मसुदा करणारा हा हात असतो, हाताला कुणी जाब विचारत नाही. मी ते फार सफाईनं मांडायचो. तुमच्या वहिनी आतून म्हणायच्या, “झालं यांचं सुरू.” एकदाही आपण त्या तिसऱ्या दिवसाचं नाव घेतलं नाही. भांडायचो सगळ्या कायद्याबद्दल, म्हणजे त्या एका दुपारीबद्दल बोलावं लागू नये.

मग या वर्षी कायद्यात सुधारणा करण्यासाठी समिती बसली, लोकांकडून सूचना मागवल्या. तुम्ही लगेच लिहून पाठवलंत. त्याच सुमारास आमच्या विद्यार्थ्यांना व्याख्यान हवं होतं, आर्थिक सुधारणांचे कायदे प्रत्यक्षात कसे होतात यावर. मी तुमचं नाव सुचवलं. तुमचा अभिमान होता म्हणून सुचवलं, हे खरं आहे. तुम्ही त्या दुपारपर्यंत जाल, असं तेव्हा डोक्यात आलं नाही, हेही खरं.

साहेबांच्या मात्र आलं. त्यांनी मला बोलावून घेतलं. “मैडम को कहिए, प्रोसेस पर बोलें. मामले कोर्ट में चल रहे हैं. आप समझदार हैं.” माझा करार पुढच्या महिन्यात संपणार होता, तो वाढवायचा की नाही हे मंडळ ठरवणार होतं. ते यातलं काही बोलले नाहीत. बोलायची गरज नव्हती.

मी संध्याकाळी तुमच्याकडे आलो आणि आडून आडून सांगू लागलो. तुम्ही मध्येच थांबवलंत.

“अवी, तू मले बोलावून राहिला का थांबवून राहिला?”

“दीदी, फक्त प्रक्रिया सांगा. विद्यार्थी आहेत.”

“प्रक्रियाच सांगणार आहो,” तुम्ही म्हणालात. “दुसरं काही नाहीच माझ्यापाशी.”

भाषणाच्या दिवशी हॉल भरला होता. मी पहिल्या रांगेत बसलो होतो, माझ्या उजवीकडे साहेब. तुम्ही कागद आणला नव्हता. हिंदीत बोललात, मधे मधे छत्तीसगढी. सुरुवातीला पोरं हसत होती. तुम्ही सांगितलंत, कायदा सभागृहात पास होतो, पण तयार होतो तो एका खोलीत, ज्या खोलीचा पंखा आवाज करतो. मंत्री म्हणतो, कडक करा. वित्तवाले म्हणतात, खर्च नको. पोलीस म्हणतात, सिद्ध करायला सोपं करा. कंपन्यांचे वकील टाइप केलेलं कलमच घेऊन येतात, म्हणतात, एवढं टाका आणि आम्हाला वगळा. आणि ज्याच्यावर तो कायदा चालणार असतो, तो त्या खोलीत नसतो. “लिखने वाला सबकी सुनता है,” तुम्ही म्हणालात, “और जिसका फोन आखिर में आता है, उसका लिखता है.”

साहेबांनी पायावर पाय टाकला. मी समोर पाहत राहिलो.

तुम्ही नाव घेतलं नाहीत, प्रकरण सांगितलं नाहीत. व्याख्यान संपलं, टाळ्या झाल्या. मी सुटकेचा श्वास घेतला. मग प्रश्नांना सुरुवात झाली आणि तिसऱ्या वर्षाची पूर्णिमा उभी राहिली. माझ्याच वर्गातली, अभनपूरहून रोज बसनं येणारी, दोन वर्षांत वर्गात क्वचित बोललेली.

“मैडम, मेरे पापा टेलर हैं. एक कंपनी का काम भी करते थे, कमीशन पर. हमारा खुद का पैसा भी उसी में था. पापा सात महीने जेल में रहे. अभी भी पेशी चल रही है. वकील साहब बोलते हैं, कानून में लिखा है कि जिसने पैसा लिया वह अपराधी है, उसको मालूम था कि नहीं, यह देखना ही नहीं है.” ती थांबली. “मैं जानना चाहती थी कि वह लाइन लिखते समय किसी ने सोचा था क्या.”

साहेब माझ्याकडे वळून हळू म्हणाले, “सब-ज्यूडिस है, रोकिए.” माझ्याकडे दुसरा माईक होता. मी तो उचललाही. तुम्ही स्टेजवरून माझ्याकडे पाहिलंत. फार वेळ नाही, पण पाहिलंत. मी माईक मांडीवर ठेवला. थांबवलं नाही, एवढंच माझ्या बाजूनं सांगता येईल. त्यापुढं मी काहीच केलं नाही.

“सोचा था, बेटा,” तुम्ही म्हणालात. “उसमें एक शब्द था, ‘जानबूझकर’. वह रहता तो तुम्हारे पापा पर यह मामला नहीं बनता. छपने के पहले वह शब्द निकल गया.”

“किसने निकाला, मैडम?”

“फाइल पर दस्तखत मेरे हैं. मैंने देखा कि शब्द नहीं है, और मैंने साइन किया.”

पूर्णिमा उभीच होती. रडली नाही. “थैंक यू, मैडम,” म्हणाली, अगदी वर्गात म्हणतात तसं, आणि बसली. तुम्हाला पाणी द्यायला कुणीतरी गेलं. तुम्ही ग्लास दोन्ही हातांनी धरला होता. साहेब उठून टाळ्या वाजवू लागले, मग सगळेच उठले. मीही उठलो, दीदी. मीही टाळ्या वाजवल्या.

परत येताना गाडीत तुम्ही खिडकीबाहेर पाहत होतात. मला राग आला होता. स्वतःचा यायला हवा होता, पण आला तुमचा.

“काहून नाही सांगितलं तुम्ही?” मी म्हणालो. “साहेबांचं नाव नाही, माझं नाही. सगळं आपल्या अंगावर घेतलं. महान झालात तुम्ही. अन् मी तिथं बसलो होतो.”

“मी माझं सांगितलं,” तुम्ही म्हणालात. “तुझं मी काहून सांगू? तुले हात नव्हता का वर करायले?”

पुढं सिग्नल लागला. मी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसलो होतो. सिग्नल सुटला तरी माझ्या लक्षात आलं नाही, मागचे हॉर्न वाजवायला लागले.

तात्यापाऱ्यात गल्ली अरुंद म्हणून तुम्ही नेहमी तोंडाशीच उतरायच्या. उतरताना म्हणालात, “समितीनं मले बोलावलं आहे. पुढच्या महिन्याच्या वीस तारखेले. तू येशील का सोबत?”

“बघू,” मी म्हणालो.

“हव,” तुम्ही म्हणालात. राग नव्हता त्यात, आग्रहही नव्हता. दार लावलंत आणि गेलात.

तीन रविवार मी आलो नाही. करार वाढल्याचं पत्र आलं, तेही तुम्हाला कळवलं नाही. कोणत्या तोंडानं कळवणार? माझी बायको म्हणाली, “जाऊन या ना दीदींकडं, तुमचं लक्ष नाही कशात.” मी म्हटलं, पेपर तपासायचे आहेत. खरं म्हणजे तुम्ही पुन्हा ‘येशील का’ विचाराल, याची मला भीती वाटत होती. चौथ्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी तुमच्या भाच्याचा फोन आला. आंघोळ करून तुम्ही ओट्यावर बसला होतात, वहिनींनी चहा आणून ठेवला, तुम्ही “ठेव तिथं” म्हणालात, आणि त्या बिस्किटं घेऊन परत येईपर्यंत संपलं होतं. भाचा हिंदीतच सांगत होता. शेवटी म्हणाला, “अवी मामा, बुआ आपको पूछती थी, कि आया क्या.”

मारवाडी स्मशानात... नाही, तुम्ही तपशील कापायला लावला असता. खांदा दिला, एवढं लिहितो. त्या वेळी बोललो मी तुमच्याशी, मनातल्या मनात, पण ते काही बोलणं नव्हे. ज्याला उत्तर येणार नाही असं बोलायला काय लागतं.

शोकसभेनंतर पूर्णिमा मला कॉरिडॉरमध्ये भेटली. “सर, मैडम गईं,” म्हणाली. “पापा बोल रहे थे, एक ही तो थी जो बोलती कि गलती हुई. अब समिति में कौन बोलेगा?”

मी तिला तिथंच सांगितलं. आजूबाजूनं मुलं जात होती, मी आवाज खाली केला नाही. शब्द काढला तो मी, मॅडम रजेवर होत्या, मी त्यांना फोनही केला नाही. ती ऐकत राहिली. तिचा चेहरा हळूहळू बंद होत गेला. दोन वर्षं ती माझ्या वर्गात बसत होती, मी तिला कायद्याचा अर्थ कसा लावायचा ते शिकवत होतो.

“यह आप पापा को बोलिए,” ती म्हणाली आणि निघून गेली.

काल मी अभनपूरला गेलो. बाजाराच्या मागं त्यांचं घर, पुढच्या खोलीत मशीन. पूर्णिमाचे वडील माझ्यापेक्षा वयानं लहान निघाले. मी त्यांना म्हातारे धरून चाललो होतो. “बइठव, सर,” म्हणाले आणि पोरीला पाणी आणायला सांगितलं. मी पाणी आधी घेतलं नाही. सगळं सांगितलं, जसं वर लिहिलं आहे तसं. ते शाळेच्या गणवेशाला काज करत होते, हात थांबला नाही.

“तो मैडम ने उस दिन झूठ बोला था?”

“नहीं. दस्तखत उन्हीं के थे. उन्होंने अपना हिस्सा बताया. मैंने अपना नहीं बताया.”

“काबर?”

काहून, असं तुम्ही विचारलं असतं. मी म्हटलं, नोकरीची भीती होती. तेव्हाही आणि त्या दिवशी हॉलमध्येही.

मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी सुई गणवेशात टोचून ठेवली आणि मान हलवली. “माफी राहन दे, सर. सात महीना मैं भीतर रहा, माफी से वह वापस नहीं आएगा. मोला जेल में एक ही बात समझ नहीं आती थी, कि मैंने किया क्या. आज समझ आया कि मैंने कुछ नहीं किया था.” मग म्हणाले, “लिख के दोगे? समिति को?”

“दूँगा.”

“अभी दोगे?”

मशीनवरचं कापड त्यांनी बाजूला सारलं. पूर्णिमानं तिच्या वहीची पानं फाडून दिली. मी लिहायला बसलो, दीदी, आणि इतक्या वर्षांचा हात आपोआप चालला. तुमच्या सूचनेचा संदर्भ दिला, कलम लिहिलं, आणि मग: ‘उक्त शब्द मुद्रण के पूर्व विलोपित कर दिया गया.’ सरकारी वाक्य. आपण असली हजारो वाक्यं लिहिली असतील.

पूर्णिमा माझ्या खांद्यामागून वाचत होती. तिनं त्या ओळीवर बोट ठेवलं.

“किसने, सर?”

मी ती ओळ खोडली. खाली लिहिलं, ‘मैंने हटाया.’ आणि माझं पूर्ण नाव.

तिनं पान उचललं, वडिलांना वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा एकदा वाचायला सांगितलं. मग मशीन पुढं ओढलं, कापड खाली सरकवलं आणि कामाला लागले. मी उठलो, तेव्हा मान वर न करता म्हणाले, “बीस तारीख के मैं घलो आहूँ. उहाँ मोर आगू पढ़हू.”

वीस तारीख सोमवारी आहे. तेही येणार आहेत, त्यांच्यासमोर वाचणार आहे.

तुमचा,
अवी